वाळलं का गं?

हे अजून माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाय. नवऱ्याला नाय, आईला नाय, शेजारच्या वनिताला पण नाय. तिला तर मी घरातलं मीठ संपलं तरी सांगते. तुला सांगते, कारण तू मला ओळखत नायस. मी तुला गं म्हणते, चालेल ना? तू बाप्या असलास तरी गं म्हणते. गं म्हटलं की मला बोलायला जमतं.

आठवीत बसली होती मी, पास नाय झाली. म्हणून अक्षर असं हाय. पोरगी अंगणवाडीत गेली की दीड-दोन तास मिळतात, तेवढ्यात लिहिते. कुणी हाक मारली की वही पिठाच्या डब्याखाली. तू म्हणशील कशाला घाबरतेस, कुणी मारणार हाय का? कुणी नाय मारणार. पोलीस पण येणार नायत. मी जे केलं त्याला पोलीसच नाय गं. त्याला कुणीच नाय. तेच तर…

थांब. असं नको. आधी काकूंचं सांगते, मंग माझं.

काकू म्हणजे चित्रं काढणाऱ्या बाई. कर्जतजवळ दहिवलीच्या पुढं, वस्ती संपते तिथं त्यांचं बसकं कौलारू घर, मागं पत्र्याची एक मोठी खोली. नवरा वारलेला, मुलगा पुण्याला, त्या एकट्या. पासष्टीच्या पुढच्या. आजूबाजूचे लोक त्यांना चित्रवाली म्हणायचे. माझं सासर खालापूर तालुक्यातलं, पण आमाला कर्जतच जवळ, म्हणून मी तिकडं कामाला लागली, लादी-भांड्याला. पहिल्या दिवशी मी मॅडम म्हटलं तर त्या हसल्या. "मॅडम बँकेत असतात गं," म्हणाल्या. "काकू म्हण."

मी लादीवाली होती, मंग चित्राशी माझा काय संबंध? तो असा आला. शेजारच्यांनी काकूंच्या अंगणात भात वाळत घातलं होतं. काकू ओट्यावर बसून बघत होत्या. मला म्हणाल्या, हे वाळलं ते कसं कळतं गं तुम्हाला? मी एक दाणा उचलला, दाताखाली धरला. कट् वाजलं. मी बोलली, वाजलं म्हणजे वाळलं काकू, नुसतं दबलं तर अजून दोन उन्हं पायजेत. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं — तसं मला शाळेत कुणी कधी बघितलं नव्हतं. उठल्या, मला हाताला धरून मागच्या खोलीत नेलं नि म्हणाल्या, "मग आता हे सांग."

तिथं ते चित्र होतं.

कसं सांगू तुला? दोन्ही हात पसरले तरी पुरत नव्हतं एवढं रुंद, माझ्यापेक्षा उंच. त्यात होतं काय, तर खिडकीतनं दिसतं तेच. एक भाताचं खाचर, बांधावर ऐनाचं झाड, मागं डोंगर. बस. पण काकू ते एकच चित्र नऊ वर्षं काढत होत्या. एकावर एक. पहिल्या साली पेरणीआधी पालापाचोळा जाळून राब भाजलेला, तो काळा. त्यावर लावणीचा हिरवा. त्यावर कापणीच्या टायमाचा पिवळा. मंग एका साली खाचरवाल्यानं जमीन विकली, डंपरनं मुरूम आणून टाकला, तर काकूंनी त्या सगळ्या हिरव्या-पिवळ्यावर तो लाल चढवला. मंग तिथं कंपाउंडची भिंत आली, तिचा राखाडी. आणि मधे मधे पात्यानं खरवडायच्या. खरवडलं की लालच्या खालनं हिरवा डोकवायचा, त्याच्या खालनं तो पहिला काळा. खरं खाचर तर गेलंच होतं गं. भात होतं ते फक्त ह्या चित्राच्या पोटात.

मी एकदा विचारलं, काकू, मंग आधीचं चित्र गेलं ना? "गेलं कुठं? खाली आहे. झाकलंय फक्त. तुझ्या सासूचं लग्नाचं पातळ पेटीत तळाशी असतं ना, तसं."

आता ह्यात एक नियम होता, तो तुला कळला पायजे, नायतर पुढचं कळायचं नाय. रंग तेलाचा. जवसाच्या तेलाचा. तो पाण्याच्या रंगासारखा दोन तासात वाळत नाय, आठवडे जातात, पावसाळ्यात तर महिना महिना. आणि खालचा पुरता वाळल्याशिवाय वरचा चढवायचा नाय. चढवला तर वरचा आधी आवळतो, खालचा ओलाच राहतो, नि मंग दोघांचं पटत नाय. फाटतं. काकू म्हणायच्या, "घाईनं लावून दिलेल्या लग्नासारखं."

आणि काकूंना स्वतःला ते कळत नव्हतं. शुगरनं त्यांची बोटं बधिर झालेली. ब्रश धरता यायचा, पण बोटाला ओलं-कोरडं, गरम-गार काय समजायचं नाय. एकदा चहाचं पातेलं तसंच धरून उभ्या, मीच ओरडली. "ही दहा बोटं नाहीत, दहा लाकडं आहेत," म्हणायच्या. मंग रोज सकाळी मी आली की चप्पल काढायच्या आधी आवाज यायचा — "वाळलं का गं?"

मी आत जायची. कोपऱ्याला बोट टेकवायची, मंग नख. नख महत्त्वाचं. कारण वरनं साय धरते, दुधासारखी, नि खाली ओलं असतं. नख रुतलं की मी बोलायची, ओलं हाय काकू. त्या ब्रश ठेवून द्यायच्या. माझ्या एका शब्दावर! मुंबईला ज्यांची चित्रं भिंतीवर लागतात, त्या बाई माझ्या एका शब्दावर पंधरा पंधरा दिवस थांबायच्या. एकदा मुंबईचे पाहुणे आले तर काकूंनी माझा हात वर धरला. "हे बघा, हे माझं बोट." एक जण बोलला, मग विम्याचं बघा हो हिच्या बोटाच्या. सगळे हसले. मी पदरात हात लपवला. पण घरी जाईपर्यंत रिक्षात मी त्या बोटाकडंच बघत होती. आठवी नापास बाईचं कुठलं काय कुणाला लागतं गं?

हे मी तुला मुद्दाम सांगते. पुढं जे झालं ते ह्या बोटापायी झालं. भीतीपायी झालं असं मी स्वतःला लय दिवस सांगत होती. भीती होती. पण ती नंतर.

मला दिवस गेले, मी माहेरी गेली, स्वरा झाली. ती तीन महिन्यांची झाल्यावर परत कामाला गेली. तेवढे दिवस काकूंनी चित्राला हात लावला नव्हता. "माझं बोट बाळंतपणाला गेलेलं," म्हणाल्या, नि मी नख लावून वाळलं सांगितल्यावर लगेच नवा थर दिला. ओटीवर पोरीसाठी झोळी बांधून ठेवलेली त्यांनी, माणूस लावून. पिवळी चादर घालून.

त्याच आठवड्यात आमचे हे घरी जेवायला बसलेले. ते रसायनीला कंपनीत पॅकिंगला हायत. मी भाकरी वाढली तर माझा हात धरून हुंगला.

"काय वास गं ह्यो?"

"तेलाचा. काकूंच्या रंगाचा."

"रंगात शिसं असतं, म्हाईत हाय का? आमचा सुपरवायझर सांगत होता. अंगात गेलं की निघत नाय. आणि तू ह्या हातानं पोरीला पाजतेस?"

"हातानं कुठं पाजते?"

"शानपणा नको. दूध येतं कुठनं? अंगातनंच ना?"

एवढं बोलले नि कालवण मागितलं. जेवून ड्युटीवर गेले. त्यांच्या डोक्यातनं ते तिथंच गेलं, आजपर्यंत परत विषय नाय. माझ्या डोक्यात राहिलं. पोरगी दूध पिताना डोळे मिटायची, तर मला वाटायचं हे शिसं तर नाय? हात राखेनं घासले, साबणानं घासले, साल निघाली. आणि दुसऱ्या दिवशी आवाज आला, वाळलं का गं?

मी आत गेली. चित्रापुढं उभी राहिली. बोट वर केलं. आणि नाय टेकवलं. वीतभर लांबच ठेवलं. लांबनं बघितलं, चमक गेलेली. मी बोलली, वाळलं, काकू.

एवढंच. बघ, लिहिताना एका ओळीत झालं.

तू म्हणशील, बोलायचं ना सरळ. काकू, मला भीती वाटते, मी पाजती बाई हाय. त्या काय ओरडणाऱ्या होत्या का? कधी नाय. मला माहीत होतं त्या ओरडणार नायत. त्या म्हणाल्या असत्या, बरं, राहू दे, तू नको लावूस हात. आणि मंग? मंग मी परत लादीवाली. त्यांनी दुसरं कुणाचं तरी बोट बघितलं असतं. ते मला नको होतं. पोरगी पण जपायची होती आणि ते बोट पण सोडायचं नव्हतं. दोन्ही पायजे होतं मला.

पहिल्यांदा काय झालंच नाय. माणूस तिथंच बिघडतो. दुसऱ्यांदा पण काय नाय. मंग सवय लागली. पावसाळा सरता सरता ते पार होळीपर्यंत मी नुसती लांबनं बघून सांगत गेली. किती थर चढले मी मोजले नाय. काकू खूश. तोंडात गाणं असायचं. "या वर्षी किती पटापट वाळतंय गं," म्हणायच्या. फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, हवा बदलली आहे, कोरडी झाली आहे, चित्रालासुद्धा कळतंय. मी ओटीवर झोळी हलवत ऐकत होती. माझं खोटं बोलणं त्यांनी हवेत नेऊन ठेवलं गं. हवा बदलली!

मे महिन्यात ती पत्र्याची खोली तापली. एक दिवस मी भांडी घासत होती, काकूंनी हाक मारली. नेहमीची हाक नव्हती. मी पोरीला कमरेवर घेऊन आत गेली.

डोंगराचा भाग पूर्ण सुरकुतलेला. साय चमच्यानं बाजूला सारली की कशी गोळा होते, तसा. भिंतीच्या जागी चिरा, भेगाळलेल्या टाचेसारख्या. ऐनाच्या झाडाचा पंजाएवढा तुकडा घसरून खाली आलेला, नि त्याच्या मागं आत सगळं ओलं, चकचकीत. वरच्या ओल्यानं खालचे जुने वाळलेले थर पण सोलून ओढलेले, काळा, हिरवा, लाल सगळं एकात एक गेलेलं. नऊ वर्षं. कुठलं साल कुठलं, काय ओळखू येत नव्हतं.

काकू रडल्या नाय. स्टुलावर बसल्या. स्वतःचे हात उलटे-सुलटे करून बघत होत्या.

"असं कसं झालं गं?"

मी पोरीला दुसऱ्या कमरेवर घेतलं.

"तू तर रोज सांगत होतीस ना मला?"

मी हो बोलली. ते खोटं नव्हतं. सांगत तर होती.

आता ऐक. मी इथपर्यंत येते नि वही मिटते, असं तीनदा झालंय. काकू विचार करत होत्या. त्या मला पकडत नव्हत्या गं, त्यांच्या मनात पण नव्हतं ते. त्या स्वतःलाच शोधत होत्या. आणि मंग हळू, डॉक्टरला विचारतात तसं, त्यांनी विचारलं — "मग तू ओलं आहे म्हणाली असशील आणि मी तरी रंग लावला. असं झालं का? मला आठवत नाहीये. तू सांगितलं होतंस का, ओलं आहे म्हणून?"

दार त्यांनीच उघडून दिलं. मला फक्त आत जायचं होतं. पोरगी माझं मंगळसूत्र ओढत होती. मी बोलली, "हो काकू. दोन-तीनदा सांगितलं. तुमी ऐकलंच नाय."

हो म्हटलं असतं नि गप बसली असती तरी एक वेळ… नाय, तरी पण तेच. पण दोन-तीनदा? ते कुणी मागितलं होतं? ते मी माझ्या मनानं घातलं, चव यायला मीठ घालतात तसं.

काकूंचं तोंड बघायला पायजे होतंस. मला वाटलं चिडतील. चिडल्या नाय. घाबरल्या. मी घाबरणारी बाई हाय, मला ते तोंड ओळखता येतं. त्यांनी विचारलं, "आणखी काय काय विसरते मी?" आणि मी बोलली, नाय ओ काकू, एवढं काय नाय. पण अशा आवाजात बोलली की हाय. खूप हाय. मी सांगत नाय एवढंच.

त्या दिवसापासून काकूंनी एक वही केली. गॅस बंद केला, टिक. गोळी घेतली, टिक. दूधवाला येऊन गेला, टिक. बाहेर जाताना कुलूप ओढून बघायच्या, चार पावलं जाऊन परत यायच्या. बोलता बोलता थांबायच्या, पुढचा शब्द बरोबर हाय का ते आधी मनात बघायच्या. एकदा मागच्या नळाची तोटी मीच सुरू ठेवून गेली, टाकी रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, "मीच नळ सुरू ठेवला असेल गं." मी कपडे पिळत होती. मी मान वर नाय केली.

मागच्या खोलीत जायचं त्यांनी सोडलं. मी एकदा बोलली, काकू, दुसरं चित्र घ्या ना करायला. त्या म्हणाल्या, "कुठला थर खाली आहे, कुठला वर, हे डोक्यात राहावं लागतं गं. माझ्या डोक्यात आता राहत नाही ना." अगदी साधं बोलल्या. भाजीत मीठ नाही ना, म्हणावं तसं.

मंग त्यांचा मुलगा आला पुण्याहून. मी त्यांना दादा म्हणते. माझं त्या दिवशी खालापूरला काम होतं, रेशनकार्डात पोरीचं नाव चढवायचं होतं. दादा म्हणाले, सोडतो, मी तिकडूनच चाललोय. गाडीत मी पुढं बसली, पोरगी मांडीवर. पळसदरीच्या पुढं गेल्यावर त्यांनी विचारलं.

"आई विसरते का गं हल्ली?"

मी बाहेर बघितलं.

"जरा."

"गॅस वगैरे?"

"मी असते ना, दादा."

किती हुशार उत्तर बघ. आठवी नापास बाईचं. त्यात खोटा शब्द एक पण नाय. दादांनी गाडी बाजूला घेतली, डोळे पुसले, नि मला म्हणाले, "तू आहेस म्हणून. थँक यू." अर्धा तास होता माझ्याजवळ त्या गाडीत. अर्ध्या तासात माणूस काय काय बोलू शकतो! मी पोरीचं टोपडं नीट करत बसली. ऑफिसात रांगेत उभी राहिली, खिडकीतल्या बाईनं विचारलं, मुलीचं नाव काय? मला नाव आठवेना. खरंच आठवेना. मागची बाई बोलली, अगं ए, पोर तुझीच हाय ना?

महिन्याभरात काकूंना पुण्याला न्यायचं ठरलं. डॉक्टरांना दाखवून आलेले. दादाच म्हणाले, रिपोर्टमध्ये तसं काही दिसत नाही, पण ती स्वतःच एवढी सांगते, आणि तूही बघतेसच, एकटं ठेवणं बरं नाही. तूही बघतेस. ऐकलंस ना?

टेंपो आला त्या दिवशी मी सामान बांधायला होती. ते मोठं चित्र चौकटीवरनं काढून गुंडाळलं, तर आत चिकटून त्याचा लोळा झाला. काकू म्हणाल्या, ते राहू दे इथंच. मंग रंगाच्या ट्यूबा एका खोक्यात भरत होत्या, शेजाऱ्यांच्या मुलीला द्यायला. मी काय म्हणून विचारलं कुणास ठाऊक — विचारलं, काकू, ह्यात शिसं असतं ते पोरांना चालतं का?

"शिशाचा तो पांढरा ना? एकच होता तसला. तो मी कधीच टाकून दिला गं. तुला दिवस गेलेत कळलं त्याच दिवशी. तुझं रोज बोट लागायचं ना त्याला." आणि मंग थांबल्या. त्यांची ती नवीन सवय. "तुला सांगायचं राहिलं वाटतं. की सांगितलं होतं?"

माझ्याकडं बघत राहिल्या. त्यांना खरंच माझ्याकडनं पायजे होतं ते — सांगितलं होतं का नाय. त्यांची आठवण आता माझ्याकडं होती ना. मी मान हलवली. हो अशी हलवली की नाय अशी, मलाच कळलं नाय. काकूंनी वही काढली नि काहीतरी लिहिलं.

निघताना माझ्या डोक्यावरनं हात फिरवला. म्हणाल्या, "विसरभोळ्या म्हातारीला तू फार सांभाळलंस."

दोन वर्षं झाली ह्याला. काकू पुण्याला सहाव्या मजल्यावर असतात. चित्र काढत नायत. एकटीला खाली सोडत नायत त्यांना, जिन्याच्या दाराला वरची कडी लावतात. हे दादांनी मला सहज सांगितलं, काळजी घेतो असं सांगायला.

मी दुसरीकडं काम धरलंय, एका फार्महाऊसवर. लादी-भांडी.

मागच्या महिन्यात माझा फोन वाजला. काकू. स्वराचा वाढदिवस होता. मी कामाच्या गडबडीत सकाळपासून तिला औक्षण पण केलं नव्हतं, आणि काकूंच्या ध्यानात होतं. तारीख नाय फक्त गं — वार. ती किती वाजता झाली ते. दवाखान्यात माझ्याबरोबर कोण होतं ते. पोरीच्या डाव्या कानामागं तीळ हाय ते. सगळं. तीन वर्षांपूर्वीचं, मी एकदाच सांगितलेलं. सगळं धडाधडा बोलल्या नि मंग म्हणाल्या, "वहीत होतं म्हणून बरं, नाही तर माझं काय खरं नाही."

ते वहीतलं नव्हतं. वही तर त्यांनी नंतर केली. हे मला कळलं. त्यांना नाय कळलं.

घरात कुणी नव्हतं. हे कामावर होते. पोरगी चपातीचा तुकडा खात बसलेली. आता बोल, मी स्वतःला म्हटलं. आता फोनवर हाय, तोंड पण दिसत नाय, आता बोल. काकू, तुमाला सगळं आठवतं. तुमी कधी काय विसरलाच नाय. ओलं हाय असं मी कधीच बोलली नव्हती. एवढी तीन वाक्यं. ओठापर्यंत आली. मी बोलली, "तब्येतीला जपा काकू."

फोन ठेवल्यावर मी देव्हाऱ्यापुढं बसली. तुला वाटेल माफी मागितली असेल. मला पण वाटलं होतं तीच मागायला बसली. हात जोडले, डोळे मिटले, आणि आतनं जे आलं ते वेगळंच आलं. मी मागितलं — काकूंना खरंच विसरू दे. रिपोर्ट काय पण असू देत, आता खरंच होऊ दे. त्यांच्या डोक्यातनं तारखा जाऊ देत, मी जाऊ दे, पोरगी जाऊ दे, ते चित्र जाऊ दे. म्हणजे मंग मी दादांना सांगितलं ते खरं होईल. म्हणजे मंग मी काय केलेलं नसेल.

ज्या बाईनं माझ्या पोटातल्या पोरीसाठी रंग टाकून दिला, तिच्यासाठी मी हे मागितलं. रागात नाय, पूर्ण शुद्धीत.

आणि एकदाच नाय गं. काल पण मागितलं.